बाबांचं एकच चुकलेलं उत्तर

आमच्या बाबांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "बाबा, चहा घेणार का?" म्हटलं, की ते आधी विचारायचे, "चहा झाला आहे, हे खरं आहे का?" हो म्हटलं की, "असल्यास, किती वेळापूर्वी?" आणि अजून ठेवायचाय म्हटलं की, "मग प्रश्नच उद्भवत नाही," असं म्हणून पुन्हा पेपरात डोकं. नवीन लग्न झालं तेव्हा आईला वाटलं होतं, माणूस गमत्या दिसतोय. दोन वर्षांनी तिच्या लक्षात आलं, की माणूस गमत्या वगैरे काही नाही, नोकरीच तशी आहे.

बाबा मंत्र्यांची उत्तरं लिहायचे. सभागृहात सदस्य प्रश्न विचारतात, मंत्री उठून उत्तर देतात आणि दुसऱ्या दिवशी 'मंत्री म्हणाले' असं छापून येतं. पण मंत्री जे म्हणतात, ते आदल्या आठवड्यात कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलेलं असतं. आमच्या मंत्र्यांकडे तीन खाती होती: पालिका, पर्यावरण आणि वाहतूक. 'कचरा, धूर आणि बस' असं बाबा थोडक्यात सांगायचे. ही गोष्ट घडली तोवर या तिन्हींवरच्या प्रश्नांची उत्तरं एकतीस वर्षं बाबांच्या टेबलावरून गेली होती.

त्या प्रश्नांचा साचा ठरलेला. 'अमुक ठिकाणी तमुक झाले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?' कुठलाही प्रश्न घ्या, सुरुवात 'हे खरे आहे काय' अशी. हे वाचून वाचून बाबांच्या तोंडात ते इतकं बसलं होतं, की ऑफिसात कुणी म्हणालं, "बाहेर ऊन फार आहे हो," तरी बाबा नकळत म्हणायचे, "खरंय का?" त्यामुळे शाखेत त्यांचं नावच 'खरंयका' पडलं. नवीन आलेल्या शिपायाला महिनाभर वाटत होतं, की हे आडनाव आहे.

मी दहा वर्षांची असताना एकदा ऑफिसात गेले होते. लांब खोली, उंच छत, पंखा फिरायचा तो स्वतःच्याच समाधानासाठी. बाबांच्या टेबलावर तीन ट्रे आणि त्यांच्या मागे एक लाकडी कपाट, त्यात जुन्या उत्तरांच्या फायली. बाबांची खुर्ची बिनहातांची होती. शेजारच्या काचेच्या खोलीतल्या साहेबांच्या खुर्चीला हात होते. मी विचारलं, "तुमच्या खुर्चीला हात का नाहीत?" तर बाबा हळूच म्हणाले, "अधिकारी झालं की मिळतात." त्यांनी काचेतून त्या खुर्चीकडे जसं पाहिलं, ते मला अजून आठवतं.

मला भारी कुतूहल. मी विचारलं, "बाबा, एखादी गोष्ट खरी आहे की नाही, हे तुम्हाला इथे बसून कसं कळतं?"

"माहिती मागवतो."

"कुणाकडून?"

"ज्यांच्याबद्दल प्रश्न असतो, त्यांच्याकडून."

"मग ते खरं सांगतात?"

बाबांनी जरा विचार केला. "सही करून सांगतात," ते म्हणाले.

दहा वर्षांच्या मुलीलाही यात काहीतरी घोळ आहे असं वाटलं होतं. पण बाबांचा त्या सहीवर गाढ विश्वास होता. त्यांना अभिमानही होता एका गोष्टीचा, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. चुकीचं उत्तर गेलं, तर मंत्र्यांना पुन्हा उभं राहून सभागृहात दुरुस्ती वाचावी लागते. ही मोठी नामुष्की. एकतीस वर्षांत बाबांच्या एकाही उत्तराला दुरुस्ती लागली नव्हती.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

आमच्या दारासमोरून नाला वाहायचा. पूर्वी त्याच्यावर लाद्या होत्या. पालिकेने कसल्याशा पाइपासाठी त्या काढल्या आणि पाइप टाकून झाल्यावर लाद्यांचा विसर पडला. मग ज्याने त्याने आपापल्या दारापुढे फळ्या टाकल्या. नाल्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना होता. तो जो रंग काढेल, तो आमच्या दारात. सोमवारी निळा, बुधवारी जांभळा, मध्येच एक दिवस पाणी इतकं गुलाबी, की लहान पोरं खूश. लाद्या काढल्यावर रस्त्याची कड खचली, म्हणून बस आमच्या कोपऱ्यावर यायची बंद झाली आणि लांबच्या हमरस्त्याने जाऊ लागली. आई दवाखान्यात परिचारिका. सकाळची पाळी गाठायला तिला पंचवीस मिनिटं चालावं लागायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यानं.

आणि शेजारी शिलाईमावशी. एकटीच राहायची. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या यंत्रावर शिवले गेलेत. शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या ब्लाउजपर्यंत माझी सगळी मापं तिला तोंडपाठ. एके दिवशी संध्याकाळी ती कापडाचं गाठोडं घेऊन येत होती, फळी कलली आणि मावशी गाठोड्यासकट नाल्यात. पाय मांडीत मोडला. रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली. चार जणांनी मावशीला खुर्चीत बसवून तिथपर्यंत उचलून नेलं. एका बाजूला मी होते. मावशी जांभळ्या पाण्याने कमरेपर्यंत रंगलेली, आणि तशातही म्हणत होती, "कुणाचं तरी कापड खराब झालं गं."

लाद्या निघाल्यापासून आई आठ महिने बाबांच्या कानीकपाळी ओरडत होती. "अहो, तुमचंच तर खातं आहे. पालिका तुमची, बस तुमची, ते रंगीत पाणीही तुमचंच."

"खातं माझं नाही, मंत्र्यांचं आहे," बाबा पेपरातून म्हणायचे. "आणि घरचं काम मी टेबलावर नेत नाही. तू रीतसर विचार."

बाबांचं म्हणणं चूक नव्हतं, पण ऐकायला फार राग यायचा. रोज सकाळी तेही त्याच फळीवरून जायचे, एका काखेत डबा, दुसऱ्या काखेत पेपर, मान खाली. नाल्याकडे ते असे बघायचे, जणू तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्याचा आहे.

मावशीचा पाय मोडला त्या आठवड्यात आईने मला एक वही दिली. "रोज सकाळी नाल्याचा रंग लिहून ठेव. तारीख घालून."

"कशाला?"

"असंच."

आई 'असंच' म्हणाली, की समजायचं, ती ताकास तूर लागू देणार नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला सगळ्यातलं सगळं जाणून घ्यायचं असायचं, पण आईच्या त्या 'असंच'पुढे माझी कधी डाळ शिजली नाही. मी आपली रोज लिहीत गेले. चार तारीख, निळा. पाच, निळा, जरा फिका. सहा, जांभळा. नऊ, गुलाबी, पोरं खूश. एकवीस दिवस लिहिल्यावर आईने वही मागून घेतली आणि पुढच्या रविवारी चांगली साडी नेसून कुठेतरी जाऊन आली. कुठे, ते सांगितलं नाही.

मग दोनेक महिने गेले. अधिवेशन सुरू झालं. अधिवेशन म्हणजे बाबांचा हंगाम. तेवढे दिवस ते उशिरा यायचे आणि ट्रेमधलं काही घरी बोलायचे नाहीत. उत्तर सभागृहात गेलं, की मात्र तोंड उघडायचे.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा खुशीत आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. आई वाढत होती, मी शेजारी बसले होते.

"आज एक प्रश्न गेला," बाबा म्हणाले. "काय प्रश्न होता! एकतीस वर्षांत इतका घट्ट प्रश्न मी चार-पाचच पाहिले असतील. पाच भाग. एकातून सुटलास तर दुसऱ्यात अडकशील. सदस्य महाशयांचं हे डोकं नाही, कुणीतरी जाणकाराने लिहून दिलाय. शाखेत सगळे म्हणाले, हा आपल्यातलाच कुणीतरी निवृत्त झालेला माणूस असणार."

आईचा हात जरासा थांबला. "कशाबद्दल होता?"

"कुठलासा जोडरस्ता क्रमांक नऊ. चारशे मीटरवर नाला उघडा आहे, हे खरे आहे काय. दुसरा भाग तर बघ, नाल्यात रंगाचं पाणी सोडलं जातं, आणि पुढे चक्क रंगांची तारीखवार यादी! चार तारखेस निळे, सहा तारखेस जांभळे, नऊ तारखेस गुलाबी..."

माझा घास घशात अडकला. मी आईकडे पाहिलं. आईने भुवई अशी उचलली, की मी खोकलासुद्धा गिळला.

"तिसरा भाग, बस बंद आहे. चौथा, नाल्यात पडून एका महिलेचा पाय मोडला, हे खरे आहे काय. पाचवा, विलंबाची कारणे."

"मग तुम्ही काय उत्तर लिहिलंत?" आईने शांतपणे विचारलं.

बाबांनी बोटं चाटली. त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचं समाधान होतं. "पालिकेच्या अभियंत्याचा अहवाल आला. प्रत्यक्ष पाहणी केली असता नाला पूर्णपणे झाकलेला आढळून आला. खाली सही, शिक्का. मग काय, सोपं झालं. पहिला भाग, हे खरे नाही. आणि एकदा नाला झाकलेला म्हटला, की पाण्याचा रंग दिसणार कुणाला? रस्ता खचेल कशाला? बाई पडेल कुठून? दोन, तीन, चार, पाच, चारही भागांना एकच उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. पाच भागांचा प्रश्न आणि दोन ओळींत गारद!"

आईने डाव पातेल्यात ठेवला. अगदी हळू ठेवला. मला वाटलं, आता आकाश फाटणार. पण आई एवढंच म्हणाली, "जेवा." आणि स्वतः न जेवता उठून गेली. बाबांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हसू येत होतं आणि बाबांची भयंकर कीवही येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा डबा-पेपर घेऊन निघाले, तर आई दारात उभी. "अहो, जाताना ते फडकं उचला जरा."

आमच्या पायरीशी एक बुटका दगड होता. मी जन्मल्यापासून आई त्याच्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घालायची. बाबा म्हणाले, "मला उशीर होतोय." आई म्हणाली, "उचला."

बाबांनी फडकं उचललं. दगडावर कधीकाळी पांढरा रंग होता. त्याच्यावर काळ्या अक्षरांत वर ९ आणि खाली ४०० असं लिहिलेलं होतं.

बाबांनी ते वाचलं. मग दगडाला वळसा घालून मागून पाहिलं, मागे काही वेगळं लिहिलेलं असेल तर. मग फळीकडे पाहिलं. मग नाल्याकडे. त्या दिवशी पाणी पिवळं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली.

"अगं, पण मला सांगायचं नाही का?"

"आठ महिने सांगितलं. तुम्हीच म्हणालात, रीतसर विचार. विचारलं. रविवारी सदस्यांच्या कार्यालयात अडीच तास रांगेत बसले. तिथला कारकून मला विचारत होता, बाई, हे तुम्हाला कुणी लिहून दिलं? म्हटलं, कुणी कशाला लिहून देईल, माझ्या घरात जेवताना रोज हेच कानावर पडतं."

मला वाटलं होतं, बाबा चिडतील. ते चिडले नाहीत. ते त्या दगडावर बसले. मांडीवर डबा, हातात ओलं फडकं. समोरून ऑफिसला जाणारे दोघं-तिघं गेले, त्यांनी नमस्कार केला, बाबांनी केला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ऑफिसला उशीर झाला.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ती रंगांची यादी?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"चांगली होती," बाबा म्हणाले आणि फळीवरून, या वेळी खाली बघत बघत, पलीकडे गेले.

ऑफिसात काय झालं, ते आम्हाला शाखेतल्या टंकलेखिका काकूंनी नंतर सांगितलं. बाबा थेट साहेबांच्या काचेच्या खोलीत गेले आणि म्हणाले, काल गेलेलं उत्तर चूक आहे, दुरुस्ती द्यावी लागेल. साहेब हादरले. बाबांच्या बढतीची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. दोन वर्षांनी निवृत्ती, त्याआधी अधिकारी म्हणून बसायची ही शेवटची संधी. ज्याच्या उत्तराला दुरुस्ती लागली, त्याला त्या वर्षी बढती नाही, असा तिथला दंडकच होता.

"कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?" साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते, बाबांवर त्यांचा जीव होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पालिकेला फोन लावतो. शनिवारपर्यंत लाद्या पडतील. नाला झाकला, की तुमचं उत्तर आपोआप खरं झालं. तुमच्या दारापुढचीच ना जागा? मग तुमचाही फायदा."

बाबा घरी आले ते हलके होऊन. आणि मी खोटं कशाला बोलू, आम्हीही हलक्या झालो. आईने 'हं' म्हटलं, पण त्या 'हं'मध्ये समाधान होतं. शनिवारी खरोखरच गाडी आली, माणसं आली, दुपारपर्यंत रस्त्याची खचलेली कड भरून आख्ख्या गल्लीच्या लाद्या बसल्या. कारखान्याकडेही कुणी जाऊन आलं असावं, कारण पाणी पाण्याच्या रंगाचं झालं. मंगळवारी बस कोपऱ्यावर आली. आई पहिल्याच बसने गेली आणि चालकाला हात करून आली. आठ महिने जे झालं नाही, ते चुकीच्या उत्तरामुळे चार दिवसांत झालं. असं असतं, हे मला माहीत नव्हतं. अशी आणखी किती उत्तरं आधी चुकतात आणि मागून खरी केली जातात, हे मी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "माहिती घ्यावी लागेल." तेव्हा ते हसत होते.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "चल, मावशीला सांगून येऊ."

मावशी खाटेवर बसली होती, पाय प्लास्टरमध्ये. यंत्र खाटेला लावून घेतलं होतं. पायाने चालवता येत नव्हतं म्हणून एका हाताने चाक फिरवत, दुसऱ्या हाताने कापड सरकवत तिचं काम चाललं होतं. बाबांनी सगळं सांगितलं. लाद्या, बस, पाणी. आईने प्रश्न लिहिला, तो सभागृहात गेला, हेही सांगितलं. मावशीचे डोळे चमकले.

"म्हणजे माझं पडणं सभागृहात गेलं? अगं बाई! मग भाऊजी, माझ्याबद्दल काय उत्तर आलं?"

मला वाटलं, ते काहीतरी गोलमाल सांगतील. पण बाबांना लिहिलेलं उत्तर बदलून सांगता येत नसे. "प्रश्न उद्भवत नाही, असं आलं," ते म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... नाला झाकलेला होता. त्यामुळे तिथे कुणी पडलं नाही."

मावशीने चाक थांबवलं. ती रागावली नाही. तिला खरंच कळेना.

"मग माझा पाय मोडला कुठे?"

एकतीस वर्षं मंत्र्यांना उत्तरं पुरवणारा माणूस त्या खोलीत नुसता उभा होता.

"आणि आता तर लाद्याही पडल्या," मावशी म्हणाली. "उद्या मी कुणाला सांगितलं, मी इथे पडले होते, तर तो म्हणेल, बाई, इथे कुठे पडणार तुम्ही? कागदातही नाही आणि रस्त्यातही नाही. मला वेडी म्हणतील की हो, भाऊजी."

घरी येताना बाबा लाद्यांवर थांबले. एका लादीवर पाय आपटून पाहिला. पक्की होती.

रात्रीच्या जेवणापर्यंतही ते थांबले नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी एक टिपण लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. 'सदर उत्तर मी तयार केले. जागा माझ्या घरासमोर असताना मी ती पाहिली नाही व केवळ अहवालावर विसंबलो. उत्तर चुकीचे आहे. दुरुस्ती करावी.'

"बढती जाईल?" आईने विचारलं.

"जाईल."

"नक्की?"

"याची माहिती मागवायची गरज नाही."

आई खाली बसली. तिनेच हे सुरू केलं होतं आणि आता तिलाच रडू येत होतं. "मला तुम्हाला त्या हातांच्या खुर्चीत बसलेलं बघायचं होतं हो," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "मलाही." मी तिथून उठून गेले, कारण आईवडिलांना असं बघायची मला सवय नव्हती.

साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. "निदान 'हे अंशतः खरे आहे' असं करू. सगळ्यांचीच अब्रू राहते."

"साहेब," बाबा म्हणाले, "पाय अंशतः मोडत नाही."

काकू सांगत होत्या, की हे ऐकून शाखेतली सगळी टंकयंत्रं थांबली. 'खरंयका' आपल्या साहेबांना असं बोलतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुरुस्तीच्या दिवशी आईने रजा घेतली. आम्ही दोघी प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. खाली एका कोपऱ्यात अधिकाऱ्यांची बाकं होती, तिथे बाबा फाईल मांडीवर घेऊन बसले होते. एरवी मंत्र्यांना चिठ्ठ्या पुरवायला तिथे साहेब बसत. त्या दिवशी साहेबांनी बाबांनाच पाठवलं होतं. शिक्षा म्हणून की मान म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही.

मंत्री उभे राहिले आणि कागद वाचू लागले. जोडरस्ता क्रमांक नऊबाबत दिलेल्या उत्तरात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करण्यात येत आहे. एक, हे खरे आहे. दोन, होय. तीन, होय. चार, होय, उघड्या नाल्यात पडून एका महिलेचा पाय मोडला, हे खरे आहे. पाच, विलंबाचे कोणतेही समर्थनीय कारण नाही.

शेवटचं वाक्य वाचताना मंत्री क्षणभर अडखळले. असं वाक्य त्यांनी कधी वाचलं नसणार. मग ते खाली बसले. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल. खाली कुणी मान वर केली नाही. एक सदस्य चष्मा पुसत होते, दोघं आपसात बोलत होते. लगेच पुढचा विषय सुरू झाला.

सज्जात मात्र आई उभी राहिली होती. नुसती उभी, कठड्याला हात धरून. सुरक्षारक्षक धावत आला. "बाई, बसा, इथे उभं राहता येत नाही." आई बसली. पण तेवढ्यात बाबांनी वर पाहिलं होतं. मला माझ्या वडिलांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि मी तिथे ओढणीत तोंड खुपसून रडले.

बढती गेली. दोन वर्षांनी बाबा निवृत्त झाले, ते बिनहातांच्या खुर्चीवरूनच. मात्र त्या दोन वर्षांत त्यांचं एक नवीनच खूळ सुरू झालं. रविवारी ते मला बरोबर घेऊन बाहेर पडायचे, खिशात प्रश्नांची यादी. कुठे झाडं तोडलीत म्हणे, ती मोजायला. कुठे बसथांब्याला छप्पर आहे म्हणे, ते बघायला. एकदा पाच तास फिरून आम्हाला एक सार्वजनिक बाग सापडली नाही, कारण ती नव्हतीच. घरी आल्यावर आई विचारायची, "खरंय का?" आणि बाबा बूट काढता काढता तिला सगळा अहवाल द्यायचे.

पण ते नंतरचं. दुरुस्तीनंतर दोन आठवड्यांनी सभागृहाच्या कामकाजाचं छापील पान आलं. बाबांनी ऑफिसातून त्याची एक प्रत आणली आणि आम्ही तिघं मावशीकडे गेलो. तिचं प्लास्टर निघालं होतं. काठी घेऊन ती दारापर्यंत आली.

बाबांनी उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. मावशीने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी कुठे आहे त्याच्यात? बोट ठेवा."

बाबांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे. 'एका महिलेचा'."

मावशीने कागद डोळ्यांजवळ नेला. "नाव नाही माझं?"

"नाव घालत नाहीत, मावशी," बाबा ओशाळून म्हणाले. "पद्धतच नाही तशी."

मावशीने कापडाचं माप घेतात तसं त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग घडी घालून कागद यंत्राच्या खणात, कात्रीखाली ठेवला.

"चालेल," ती म्हणाली. "ती मीच."